खुडूक कोंबड्या आणि फुकटची वीज

आमच्या वस्तीवर फुकटची वीज तयार व्हायची, तेव्हाची ही हकीकत. वस्ती लासुर्ण्याच्या अलीकडे, उसाच्या मधोमध. वीज तयार करणारे गृहस्थ म्हणजे आमचे यजमान. धंद्यानं ते मोटार रिवायंडिंगवाले. आजूबाजूच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दुकानात येतात आणि नवी तार गुंडाळून परत जातात. वीज फुकट तर मिळत नाहीच, वर तांबं जाळून जाते, हे ज्याला रोज डोळ्यांनी दिसतं असा हा माणूस. पण मोबाइलवर एका गोऱ्या माणसानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चाक फिरवून दाखवलं आणि ह्यांचं सगळं शहाणपण एका दुपारी धुऊन निघालं.

आमच्याकडचं चाक मुलीच्या सायकलचं. ती बारामतीला कॉलेजला गेली, आता तिला सायकल कशाला, असा विचार झाला. तिला न विचारता झाला. पुढचं चाक काढून म्हशीच्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर बसवलं. गणपती मंडळाचे फुटके स्पीकर आणून त्यातली चुंबकं काढली आणि रिंगेवर चिकटवली. शेजारी तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोटात वेल्डिंगच्या कांड्या. एक ट्रान्झिस्टर, दोन बॅटऱ्या. चुंबक कॉइलसमोर आलं की पहिली बॅटरी त्याला टिचकी मारणार, चाक पुढं जाणार, आणि टिचकी संपताना कॉइलमधून जो उलटा झटका येतो तो दुसऱ्या बॅटरीत साठणार. मग बॅटऱ्यांची अदलाबदल. वीज कंपनीनं तोंड कुठं लपवायचं ते तिचं तिनं बघावं.

"मग पहिली बॅटरी कोण भरणार?" मी विचारलं.

"दुसरी."

"आन् दुसरी?"

"पहिली. तुला न्हाय समजायचं ते."

समजलं नाही, हे मी मान्य करते. एवढंच दिसत होतं की पहिली बॅटरी रोज सकाळी ह्यांच्या मोटारसायकलवर बसून दुकानात जाते आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन येते. दुकानात मोठा चार्जर आहे. पण त्याचा याच्याशी संबंध जोडणं म्हणजे शास्त्राचा अपमान.

चाक फिरायला लागलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर आता ट्यूनिंग सुरू झालं. कॉइल केसभर पुढं घ्यायची, केसभर मागं घ्यायची, एक बारीक बटण पिळायचं आणि कान लावून बसायचं. करंट कमीत कमी आणि वेग जास्तीत जास्त अशी एक जागा असते म्हणे. ती सापडली की ह्यांची समाधी लागायची. त्या वेळी शेडमधून म्हैस सोडायची नाही, भांडं आपटायचं नाही, जेवायला हाक मारायची नाही. आमच्या लग्नात पत्रिका जुळवताना एवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

संध्याकाळी प्रेक्षक जमत. शेळगावहून सुद्धा लोक येत. मी चहा करत असे, तो मात्र फुकटच्या विजेवर होत नसे. हे दुसऱ्या बॅटरीला मीटर लावत, काटा वर चढे, आणि शेजारच्या वस्तीवरचे तात्या मान डोलवत, "तेरा व्होल्ट. फुल्ल भरली की."

आता माझं सांगते. शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझी अंडी उबवायची पेटी होती. गावरान पिल्लं करून विकायची, हे माझं लग्नानंतरचं पहिलं स्वतःचं काम. पहिली खेप माझ्या चुकीनं कुजली, दुसरीत ओलाव्यासाठी पाणी ठेवायला विसरले. तिसरी खेप घातली तेव्हा हे अगदी मायेनं म्हणाले, "ह्या टायमाला न्हाय जमलं तर सोडून दे. पेटी रिकामी झाली की मला दुसऱ्या चाकाला डबा हुईल." म्हणजे ती अंडी फुटली नसती तर माझ्या धंद्यात चुंबकं बसणार होती. दिवसातून कितीदा पेटीच्या काचेशी जाऊन उभी राहत होते ते माझं मला माहीत. ही खेप मला हवी होती, बास.

वीज गेली तर पेटीला आधार म्हणून एक बॅटरी होती. ती ह्यांनी एके दिवशी गुपचूप काढून चाकाला लावली, फुकटच्या विजेनं भरली आणि परत जागेवर ठेवली. मला सांगितलं ते नंतर, उपकार केल्यासारखं.

पिल्लं बाहेर पडायला तीन-चार दिवस होते. थंडी कडाक्याची. सकाळीच उसानं वाजवीपेक्षा जास्त भरलेली एक ट्रॉली वळणावरच्या खांबाला घासली, खांब आडवा झाला आणि सगळ्या वस्त्यांची वीज गेली. मी घाबरले. हे मात्र खुशीत आले. मीटर आणून बॅटरीला लावला आणि म्हणाले, "बघ. तेरा."

पेटी बॅटरीवर सुरू झाली. मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत पेटीतला ऊब देणारा दिवा मेणबत्तीएवढा झाला आणि मग तोही गेला.

यात नवल काही नव्हतं. उसाला तोडीच्या आधी पाणी पाजलं की वजन भरतं, साखरेचा उतारा मात्र पडत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बॅटरीचंही तेच झालं होतं. आकडा वर, आत काही नाही. अख्खा तालुका महिनाभर येऊन वजन बघून गेला, उतारा कुणी विचारला नाही.

दुकानातला चार्जरही बंद, वीज तिथंही नव्हती. हे बॅटरीकडं बघत उभे होते. पेटीचा पारा उतरत होता. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. रागातच सुचलं.

"गाडी काढा," मी म्हटलं. "कुणाकुणाच्या कोंबड्या खुडूक बसल्यात, मागून आणा."

"मी? कोंबड्या मागू?"

"व्हय, तुमीच. फुकटची वीज दाखवायला ज्यांना बोलावलं, त्यांच्याच दारात जायचं."

खुडूक कोंबडी म्हणजे अंडी द्यायचं सोडून उबवायच्या हट्टाला पेटलेली कोंबडी. घरोघरी तिला पाण्यात बुचकळून शुद्धीवर आणतात, त्यामुळं द्यायला कुणी नाही म्हणत नाही. फक्त मागणाऱ्याला दोन शब्द ऐकावे लागतात. हे परत आले तेव्हा गाडीवर मागं कोंबड्यांचं डालगं बांधलेलं, हातावर चोचीचे ओरखडे. कोण काय म्हणालं ते त्यांनी सांगितलं नाही. तात्या मात्र स्वतःची कोंबडी काखेत घेऊन चालत आले आणि माझ्या देखत म्हणाले, "ही घ्या. हिला व्होल्ट न्हायत."

अंधाऱ्या खोलीत भुशावर कोंबड्या बसवल्या आणि पोटाखाली अंडी सरकवली. दुसऱ्या दिवशी वीज आली, पण मी अंडी परत पेटीत ठेवली नाहीत. हे दिवसातून दहा वेळा त्या खोलीत डोकावत होते. एकदा एका कोंबडीकडं बोट करून मला विचारलं, "दिवसाला किती खाती गं ही?"

"मूठभर ज्वारी. ती पण उठली तर."

शेडमधलं चाक त्या दिवशी फिरलं नाही.

सगळी अंडी फुटली नाहीत. निम्म्याहून जास्त फुटली. पहिल्या टरफलाला चीर गेलेली ह्यांनीच बघितली, आणि मला अशी घाईनं हाक मारली की माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. कोंबड्या परत पाठवताना आमच्याकडच्या अर्धलीच्या, म्हणजे निम्म्या वाट्याच्या, रिवाजानं प्रत्येकीबरोबर तिच्या मालकाची पिल्लं गेली. तरी माझी उरली.

चौथ्या खेपेआधी पेटीची बॅटरी ह्यांनी स्वतः दुकानातल्या चार्जरवर भरून आणली. मी मीटर पुढं केला. त्यांनी तो बाजूला ठेवला, बॅटरीला ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब जोडला आणि समोर पोतं टाकून बसले. भाकरी झाल्या तरी बल्ब जळतच होता.

"बास झालं, पटलं मला," मी म्हटलं.

"न्हाय, अजून जळू दे."

मग मी ताट तिथंच नेऊन दिलं. बल्ब पिवळा पडेपर्यंत ते हलले नाहीत. माझ्या अंड्यांसाठी भरून आणलेली बॅटरी तपासता तपासता ह्यांनी पार उतरवली, आणि सकाळी गाडीवर घालून पुन्हा भरायला नेली. पेटीत अंडी ठेवायला एक दिवस उशीर झाला.