सासूबाईंचं आळणी खरकटं

आमच्या सासूबाई खरकटं चाखतात. वाचून तुम्हाला कसंतरीच झालं असेल तर मला बरं वाटेल, कारण सात वर्षं मी ते रोज जेवणानंतर पाहतोय आणि या घरात माझ्याशिवाय कोणाच्याही पोटात ढवळत नाही. मी घरजावई. घरजावयाला पोट असतं, पण तक्रार करायला तोंड नसतं.

सासूबाईंनी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. ज्या रोग्यांना मीठ वर्ज्य, त्यांची ताटं त्यांच्याकडे. प्रत्येक पातेल्यातलं बोटभर चाखून त्या ‘आळणी’ म्हणायच्या, मगच ताटं वर जायची. तिथेच त्यांनी रोग्यांनी टाकलेलं अन्न बादल्या भरभरून गटारात जाताना पाहिलं. तेव्हापासून त्यांच्या हातून शीतसुद्धा वाया जात नाही. नोकरी संपली, रोगी सुटले, आणि तावडीत बागेतली पाखरं सापडली.

पद्धत अशी. ताटांतलं उरलंसुरलं त्या चाळणीत गोळा करतात. त्यात मी अर्धवट चावून ठेवलेला बटाटा असतो, बायकोनं आमटीत बुडवलेला पाव असतो. हा गोळा नळाखाली धरून बोटांनी कुस्करत तीनदा धुतात. खाली पांढुरकं, तेलकट पाणी जातं आणि चाळणीच्या भोकांतून फुगलेली शितं लोंबतात. मग त्यातली चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, “आळणी.” मगच वाडगा बागेत पाखरांपुढे जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा पुसतो. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी मला चैन पडत नाही, आणि घरी हे!

एकदा न राहवून म्हणालो, “आई, बाकी काय ते करा, पण चाखू तरी नका हो.”

“मग कळायचं कसं, जावईबापू? मीठ तुम्हाआम्हाला पचतं. पाखराचा जीव तो केवढा!”

जित्याची खोड. मी तोंड फिरवून बसायला शिकलो.

यंदा बागेच्या भिंतीतल्या भोकात साळुंक्यांनी घरटं केलं. तीन पिल्लं. सासूबाई स्टुलावर चढून रोज त्यांची विचारपूस करायच्या, जणू बाळंतिणीची खोलीच. त्याच सुमारास त्यांना सर्दी झाली. आठवड्याभरानं सर्दी गेली आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेली.

रविवारी जेवणात खारवलेला मासा होता. बायको वर झोपायला गेल्यावर सासूबाई धुतलेला वाडगा घेऊन माझ्यासमोर आल्या. भातात माशाची करडी साल आणि बटाट्याचा लगदा.

“जावईबापू, एवढं चाखून सांगा. माझ्या जिभेला काही कळेनासं झालंय. हिला बोलू नका, लगेच सगळं बंद करायला लावेल. पिल्लं आहेत हो घरट्यात.”

त्या लगद्यात मला माझ्याच दातांच्या खुणा दिसल्या. मी त्यांच्याकडे पाठ केली, रिकामी बोटं तोंडात घातली, मचमच केली आणि म्हणालो, “आळणी.”

“नक्की ना?”

“अगदी आळणी, आई.” त्या वाडगा घेऊन घरट्याकडे गेल्या, आणि वेळ मारून नेली याचा मला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं घरट्यातच मेली होती. तिसरं चोच वासून पडलं होतं, दुपारी तेही गेलं. ती बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. हाताला चिकट पिसं लागली, डोळ्यांना मुंग्या लागलेल्या. मला ओकारी आली, पण ती पिल्लांमुळे नव्हती.

बायको दारातून म्हणाली, “आई, तुझंच खरकटं भोवलं. काल मासा होता, खारट राहिला असणार. बास झालं आता हे.”

“खरकट्याचं नाव काढू नकोस,” सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “काल जावईबापूंनी स्वतः चाखलं होतं. त्यांनी आळणी म्हटलं म्हणजे आळणीच. पिल्लांना दुसरं काही झालं असेल.”

मला गप्प बसता आलं असतं. माझी स्वतःची इतकी शिसारी आली की बसवेना. “आई, मी चाखलं नव्हतं,” मी म्हणालो. “नुसतं म्हटलं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातली पिल्लं घेतली, पदरानं पुसली आणि एकेक करून मातीत ठेवली. तो दिवसभर त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. चहासुद्धा दिला.

संध्याकाळी जेवणं झाली, चाळणी धुऊन झाली. त्या वाडगा घेऊन आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि हात पुढे केला. खरंच चाखणार होतो.

“राहू द्या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तुम्हाला किळस येते.” आणि माझ्या बाजूनं पुढे जाऊन त्यांनी वाडगा लेकीसमोर धरला.