तिसरा खण

आप्पा शिवलकरांइतका हट्टी माणूस आमच्या राम आळीत दुसरा नव्हता. मला धरलं तर बरोबरी होती. म्हणूनच बहुधा आमचं अठरा वर्षं जमलं.

छापखाना माझ्या सासऱ्यांचा. ते गेले तेव्हा यजमान मुंबईला नोकरीत, त्यामुळे नव्वद साली तो माझ्या गळ्यात पडला. मला छपाईतलं ओ की ठो कळत नव्हतं. जे शिकले ते आप्पांकडून. ते भाट्याहून पूल ओलांडून सायकलने यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि खिळ्यांच्या पेटीसमोर उभे राहायचे. पेटीत लहान लहान खण, एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. आप्पांची नजर कायम समोरच्या मजकुरावर असायची. पेटीकडे ते बघतच नसत. हात आपला बरोबर त्या खणात जायचा आणि अक्षर उचलून आणायचा.

पहिल्याच आठवड्यात मला साफसफाईचा उत्साह आला. एका खणात कोणी कधीच न वापरलेलं कुठलंसं अक्षर धूळ खात पडलं होतं. ते मी काढून टाकलं आणि पुढचे खिळे एकेक खण अलीकडे सरकवून ठेवले. त्या दिवशी आप्पांनी जुळवलेलं सत्यनारायणाचं निमंत्रण वाचून देवालासुद्धा समजलं नसतं, की जायचं कोणाच्या घरी. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या अंगावर खेकसणार. पण आप्पा दिवसभर खाली मान घालून सगळे खिळे परत जागच्या जागी लावत बसले. संध्याकाळी टोपी घालताना एवढंच म्हणाले, "वैनी, रिकामा खण पण खणच असतो." मला राग आला होता. त्यांनी आरडाओरडा केला असता तर निदान मला उलट बोलता आलं असतं.

अठ्ठ्याण्णव साली मी कॉम्प्युटर घेतला. आप्पा तेव्हा बावन्न वर्षांचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि नव्या वस्तूंचं त्यांना वावडं होतं, म्हणून ते आता नोकरी सोडतील अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. ते त्या हिरवट पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिले, डाव्या बाजूला ओळीने मांडलेली चित्रं त्यांनी बोटाने मोजली आणि ही पण पेटीच म्हणायची, असं स्वतःशीच पुटपुटले. महिन्याभरात लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, उत्तरकार्याची कार्डं, सगळं ते त्या मशीनवर करायला लागले; एकेकाचा साचा त्याच चित्रांच्या ओळीत मांडलेला. माउसला मात्र त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. मेलेल्या उंदराला काय हात लावायचा, म्हणायचे. नुसत्या बटणांवर काम चालायचं, आणि चालायचं असं की मी लोकांना मुद्दाम बोलावून दाखवायची.

सहा वर्षं छान गेली. मग आमच्या खाऱ्या हवेने त्या मशीनला आतून खाल्लं आणि एका सकाळी ते उठलंच नाही. पत्रिकांच्या फायली सीडीवर होत्या म्हणून वाचल्या. दुरुस्तीवाला शार्दूल सावंत स्टँडजवळ दुकान चालवतो. माझ्याच वयाचा, बोलायला लागला की थांबत नाही. त्याने नवं मशीन आणून बसवलं. पडद्यावर हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, गुबगुबीत रंगीत बटणं. मी खूश. आप्पांनी चष्मा पुसला आणि इथे काय जत्रा भरलीय का, असं विचारलं.

चौथ्या दिवशी पावसचे एक बागायतदार मुलीच्या लग्नपत्रिकेची कच्ची प्रत बघायला आले. मी ती न बघता त्यांच्या हातात दिली, कारण आप्पांचं काम मी कधी तपासतच नसे. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, आमचे जावई चांगले धडधाकट आहेत हो." गणपतीचं नाव, कुलदेवतेचं नाव, आमचे येथे श्रीकृपेकरून, सगळं यथासांग होतं. आणि भोवती दोन बोटं जाड काळी चौकट होती, उत्तरकार्याच्या कार्डाला असते ती.

ते गृहस्थ भले म्हणून हसून गेले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ती प्रत चार घड्या घालून खिशात ठेवली, खुंटीवरची टोपी काढली आणि म्हणाले, "सोमवारपासून मी येणार नाय, वैनी. हात बिघडला माझा." मी खूप बोलले. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला आणखी मोठ्याने बोलले. आप्पांशिवाय तो छापखाना मला नकोच होता, खरं सांगायचं तर. पण ते सायकलवर बसून गेले.

मी तडक शार्दूलला गाठलं. जुनीच व्यवस्था या मशीनवर भर, म्हटलं. तो म्हणाला, नवं मशीन ती घेणार नाही, पण नव्याला जुन्याचं रूप देता येईल. रविवारभर तो खपला. टेकडी गेली, आभाळ गेलं. तो जुना हिरवट पडदा आला, करड्या पट्ट्या आल्या, टोकदार बटणं आली. मशीन सुरू होताना वाजणारा जुना सूरही त्याने कुठून तरी पैदा केला. सोमवारी मी आप्पांना आणायला स्वतः भाट्याला गेले आणि एकदाच येऊन बघा, नाही पटलं तर परत जा, असं कबूल करून घेऊन आले.

तो सूर ऐकल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत बसले, मजकूर समोर ठेवला आणि बोटं चालली. उघडलं ते परत उत्तरकार्याचं कार्ड. आप्पा उठून खुंटीकडे वळले.

मी बाजूला उभ्या असलेल्या शार्दूलवर तोंड सोडणार होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी पहिल्यांदाच पडद्याऐवजी आप्पांच्या बोटांकडे बघत होते. खाली, खाली, खाली, मग उघडायचं बटण. आणि नजर सगळा वेळ मजकुरावर. या माणसाने सहा वर्षांत तो पडदा धड बघितलाच नव्हता. त्याला रंग बदलल्याचं काय?

मी एका जुन्या पत्रिकेची पाठकोरी बाजू आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आप्पा, जुन्या मशीनची पेटी काढून दाखवा. सगळे खण."

आप्पांनी एकाखाली एक चौकोन काढले. चौथ्यात लग्न लिहिलं, पाचव्यात उत्तरकार्य. तिसरा कोरा ठेवला. तिथे काय होतं, मी विचारलं. काहीतरी होतं, कधी उघडलं नाय, असं म्हणाले. शार्दूलने कपाळावर हात मारला. ते आजूबाजूच्या कॉम्प्युटरांशी जोडणी करायचं चित्र. छापखान्यात मशीन एकच, ते कोणाशी जोडायचं, म्हणून त्याने ती अडगळ दोन्ही वेळा ठेवलीच नव्हती. खालची सगळी चित्रं एकेक घर वर सरकली होती. चौदा वर्षांपूर्वी मी केलेला शहाणपणा आता त्याने केला होता, म्हणून मला त्याला बोलता येईना.

त्याने तिसऱ्या जागी एक रिकामी फाईल ठेवली, तिला त्या चित्राचं रूप दिलं. आप्पा उभ्यानेच वाकले. खाली, खाली, खाली. लग्नाचा साचा उघडला, वर गणपती, भोवती हळदीकुंकवाच्या रंगाची वेलबुट्टी. आप्पांनी आपला उजवा हात वर धरून उलटासुलटा बघितला, मग खुर्ची ओढून बसले. पावसची पत्रिका त्याच दिवशी छापून गेली. लग्नाचं बोलावणं आम्हा दोघांनाही आलं आणि आप्पा कोरी टोपी घालून जेवायला आले.

दोन हजार आठ साली गुडघ्यांमुळे सायकल बंद झाली तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्याच वर्षी मी मशीन बदललं. शार्दूल म्हणाला, आता आप्पा नाहीत, आता तरी नवं रूप राहू दे. मी आनंदाने हो म्हटलं. मधल्या वर्षांत मीही आप्पांकडून त्या मशीनवरचं काम शिकले होते. दुसऱ्या दिवशी एका मुंजीची घाई होती. मजकूर समोर ठेवला, बोटं चालवली आणि भलतंच काहीतरी उघडलं. परत केलं, परत तेच. मग माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा पडद्याकडे बघत नव्हते.

मी शार्दूलला फोन केला. तो आला तेव्हा आप्पांनी पेन्सिलीने काढलेली ती पेटी मी खणातून काढून टेबलावर ठेवली होती. त्याने ती बघितली आणि तो कामाला लागला. त्याने सगळ्यात आधी तिसऱ्या खणात रिकामी फाईल ठेवली.