अक्काचे सात टक्के

माझा स्वभाव जळका आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. पण मी सगळ्या जगावर जळत नाही. माझं जळणं एकाच बाईपुरतं आहे, ती म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला आम्ही अक्का म्हणतो. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, मनात मात्र अगं-तुगं.

अक्का सातवी शिकलेली. बसवकल्याणला तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मी डी.एड. झालेली, हुमनाबादला मराठी शाळेत शिकवते. सासर दोघींचं निर्णा. आता तुम्हीच सांगा, पुढं कोण असायला पाहिजे? पण न्हाई! शेवया तिच्याच बारीक, सासूबाई आजारी पडल्या की हाक तिलाच, आणि माझ्या पोटची पोरगी सुट्टी लागली की ‘मोठीमाय, मोठीमाय’ करत बसवकल्याणची बस धरणार. हे सगळं मी वीस वर्षं गिळलं. व्याजावर येऊन मात्र माझा धीर सुटला.

झालं असं. लेकीची पी.यु.सी., म्हणजे आमच्या कर्नाटकातली बारावी, संपत आली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं. सीट लागली की पाच दिवसांत फी भरायची, न्हाईतर सीट दुसऱ्याला जाते, असं सगळे सांगायचे. त्यासाठी मी पगारातून दोन लाख ऐंशी हजार साठवले होते. मुदत ठेवीत अडकवून चालणार नव्हतं, हात घातला की निघायला पाहिजेत. म्हणून ते बँकेत बचत खात्यावर पडून होते. यांना मी सांगून ठेवलं होतं, फीची काळजी तुम्ही करू नका.

एक दिवस अक्काचा फोन आला. “अगं, तुझ्या बँकंत किती व्याज देतेत?”

“देतेत काहीतरी.”

“काहीतरी म्हंजी? आमच्या क्रेडिट सोसायटीत सात टक्के देतेत. साध्या बचतीला! कधीबी टाक, कधीबी काढ. पिग्मीवाला रोज दुकानात येऊन घेऊन जातो, मला मशीनवरून उठायचंबी काम न्हाई.”

मी पासबुक काढून बघितलं. तीनाच्याही आत! अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी शिकून सवरून मी तीनावर बसलेली, आणि बटनं लावणारी बाई सातावर.

शनिवारी शाळा अर्धी असते. मी एक नवी वही घेतली, रेघा मारल्या आणि बँका पालथ्या घातल्या. कुठं किती व्याज, खात्यात कमीत कमी किती ठेवायचे, काढायला अट काय, सगळं लिहिलं. आमच्याच बँकेतली काउंटरवरची पोरगी वही बघून हसली. ती कानडी, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलते. भिंतीवरच्या कागदाकडं बोट करून म्हणाली, “मॅडम, व्याज बघायलाव तसं हेबी बघा. उद्या बँक बुडाली तर एका माणसाचे एका बँकेतले पाच लाखापर्यंत, मुद्दल अन व्याज धरून, विम्यातून परत मिळतेत.”

“आणि सोसायटीला?”

“सोसायटीला हे न्हाई मॅडम. तिथं बुडाले तर बुडाले.”

तिनंच गुलबर्ग्याच्या एका लहान बँकेचं सांगितलं. तिथं पाच टक्के होते, कधीही काढता येत होते आणि विमाही होता. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

शहाण्या बाईनं सोमवारी गुलबर्ग्याची बस धरली असती. मी सोमवारी दुपारच्या सुट्टीत अक्काच्या सोसायटीच्या हुमनाबाद शाखेत गेले आणि सगळेच्या सगळे तिथं टाकले. कामून? पाच हे सातापेक्षा दोननं कमी असतात म्हणून. तिला सात आणि मला पाच, हे मला बघवलं नसतं. यांना सांगितलं न्हाई, अक्काला तर मुळीच न्हाई. तिच्या मागून गेले हे तिला कळलं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही सगळे निर्ण्याला होतो. विहारात वंदना झाली की बायका तिथंच चटईवर गप्पा मारत बसतात, ही आमच्याकडची रीत. पांढऱ्या साडीत अक्का मधोमध बसलेली. व्याजातून नवं शिलाई मशीन घेतलं म्हणून सांगायली होती. सांगता सांगता माझ्याकडं बघून म्हणाली, “आमच्या मास्तरीणबाईला कित्ती सांगितलं. शिकलेल्या माणसाला लौकर पटत न्हाई बाई!”

बायका खो खो हसल्या. माझं डोकं फिरलं.

“पटत न्हाई, कारण मला वाचता येतंय,” मी म्हणाले. “मी वहीत सगळ्या बँका लिहून काढल्यात, गुलबर्ग्याच्या बँकेत पाच टक्के अन विमाबी आहे. विमा न्हाई तुमच्या सोसायटीला. एक दिवस शटर पडलं तर सात टक्केबी गेले अन मुद्दलबी गेली. मग मशीन विकून खावा.”

अक्काचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी तिच्या भल्यासाठी बोलले नव्हते. तिचं मशीन मला खुपत होतं, बाकी काही न्हाई. माझे स्वतःचे पैसे त्याच सोसायटीत आहेत, हे त्या घटकेला मला आठवलंसुद्धा न्हाई.

आठ दिवसांनी तिचा फोन. “काढले गं सगळे. तुझ्या त्या वहीचा फोटो पाठव, गुलबर्ग्याची बँक कुठली म्हणालीस ती.” मी पाठवला. तिनं त्या बँकेत खातं उघडलं. आता तिला पाच आणि मला सात! त्या दिवशी मी गोड शिरा केला. हे म्हणाले, आज काय आहे? मी म्हणाले, असंच.

मी माझे कामून काढले न्हाई, असं कुणीही विचारील. मीही स्वतःला विचारत होते. उद्या काढू, पुढच्या महिन्याचं व्याज पडू दे, मग काढू. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढं होते, ते सोडवत नव्हतं.

पावसाळा सरत आला तेव्हा सोसायटीचं शटर अर्धं पडलं. बाहेर कानडीत कागद चिकटवलेला, पुढील सूचनेपर्यंत व्यवहार बंद. आणि त्याच आठवड्यात लेकीची सीट लागली. पोरगी घरभर नाचत होती आणि मी भिंतीला धरून उभी. पाच दिवस होते. तीन दिवस मी शाळेला दांडी मारून त्या शटरसमोर रांगेत उभी राहिले. रांग नुसती उभीच होती, आत कुणी घेत नव्हतं. घरी काय सांगू, कुणाकडं मागू, काही सुचंना.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का दारात. हे ड्युटीवर गेले होते, लेक मैत्रिणीकडं. जयभीम केला, पाणी दिलं. ती प्यायली न्हाई.

“काल बीदरला जायले होते,” ती म्हणाली. “बसच्या खिडकीतून बघितलं तुला. रांगेत. किती अडकलेत?”

मी सांगितलं.

“मला एवढं विहारात सुनावलीस. तुझं ऐकून मी काढले. तू कामून न्हाई काढलीस?”

खोटं बोलायचं त्राण राहिलं नव्हतं. “तुमच्यापेक्षा जास्त मिळायले होते म्हणून,” मी म्हणाले. “आणि त्या दिवशी मी तुमच्या काळजीनं न्हाई बोलले, अक्का. मशीन बघवलं न्हाई म्हणून बोलले.”

तिनं बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, आता उठून जाईल.

“ते मला तवाच कळलंतं,” ती म्हणाली. “तू जळून बोललीस म्हणून खरं असलेलं खोटं होतंय का?” मग तिनं मोबाईल काढला, चष्मा लावला आणि एकेक आकडा मला मोठ्यानं विचारत फीचे सगळे पैसे माझ्या खात्यावर टाकले. गुलबर्ग्याच्या बँकेतून, माझ्या वहीतल्या. “पोरीला काही सांगू नको,” म्हणाली. “अन मला परत देशील तेव्हा सात टक्क्यानं दे.”

आणि हसली, विहारातल्यासारखी, खो खो.

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. सोसायटीतले माझे पैसे अजून अडकलेलेच आहेत. मी दर पगाराला अक्काचे पैसे फेडते, व्याज ती घेत न्हाई. ती माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली, आणि खरं सांगू? त्या सात टक्क्यांपेक्षा हेच मला जास्त जळवतं.