‘कन्फर्म’ आणि वैशालीचा घाट

सर्व्हर व्यवस्थित सुरू झाला. मी गेममध्ये शिरलो, नदीकाठी गेलो, तर घाट नव्हता. पायऱ्यांच्या जागी नुसते खड्डे होते. कडेचं पाणी कापल्यासारखं हवेत उभं होतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सिस्टम ॲडमिन आहे. कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं आणि डेटा सांभाळणं हे माझं काम. हा सर्व्हर मात्र कंपनीचा नव्हता. तो माझ्या घरी जिन्याखाली होता आणि त्यावर तीनच माणसं खेळायची. मी, संदीप आणि वैशाली. तिघं शाळेपासूनचे मित्र. संदीपची शाहूवाडीकडं डेअरी आहे. वैशाली सिव्हिल इंजिनिअर.

उन्हाळ्यात वैशाली साइटवर परांचीवरून पडली. मणक्याला फ्रॅक्चर झालं. डॉक्टरांनी तीन महिने पडून राहायला सांगितलं. ती कुरुंदवाडला आईकडं होती. मी फोन केला की म्हणायची, छताचे पत्रे मोजून झाले, आता काय मोजू? तेव्हा संदीपनं सुचवलं की तिघं मिळून एखादा गेम खेळू.

आम्ही ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम निवडला. तो एकत्र खेळायचा तर सगळ्यांचं जग एका कॉम्प्युटरवर ठेवावं लागतं. तो सर्व्हर. कंपनीत एक जुना डेस्कटॉप भंगारात निघाला होता. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “दिवसभर सर्व्हरच बघतोस की. घरी आणि कशाला?” पण दिला.

वैशालीला मूळ गेममधला दगड पसंत पडला नाही. तिला काळा पत्थर हवा होता, घडीव पायऱ्या हव्या होत्या. म्हणून मॉड घातले. मॉड म्हणजे मूळ गेमला बाहेरच्या हौशी लोकांनी जोडलेली भर. त्याचा एक नियम असतो. सर्व्हरवर जो मॉड ज्या व्हर्जनचा, तोच प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर लागतो. नाहीतर सर्व्हर आत घेत नाही.

पाठीखाली उशी, पोटावर तिरक्या स्टँडवर लॅपटॉप, अशी ती रोज चार-पाच तास बांधायची. कुरुंदवाडचा घाट करत होती. संदीप आणि मी अधूनमधून जाऊन दगड खोदून द्यायचो. पाच आठवडे हे चाललं.

मग एका शनिवारी संदीपला सर्व्हर आत घेईना. त्याच्या लॅपटॉपवर दगडांचा मॉड आपोआप अपडेट झाला होता. त्याला जुनं व्हर्जन परत घालायला सांगणं योग्य होतं. पण फोनवरून समजावण्यापेक्षा सर्व्हरच अपडेट करणं सोपं, असं मला वाटलं. मी नवं व्हर्जन टाकलं आणि सर्व्हर चालू केला. स्क्रीनवर भराभर ओळी आल्या आणि शेवटी एक प्रश्न थांबला. मी ‘कन्फर्म’ टाइप केलं.

घाट गेल्यावर लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेली नोंद, उघडून तो प्रश्न वाचला. नव्या व्हर्जनमध्ये दगडांची नावं बदलली होती. सर्व्हर मला सांगत होता की हे दगड ओळखता येत नाहीत, पुढं गेलो तर ते जगातून कायमचे काढले जातील, चालेल का? मी चालेल म्हणालो होतो.

मी तितका घाबरलो नव्हतो. बॅकअप होता. रोज दुपारी जगाची प्रत निघायची आणि मला ‘बॅकअप यशस्वी’ असा मेसेज यायचा. प्रत उघडली. त्यात ओसाड माळ आणि एक अर्धवट झोपडी होती. पहिल्या आठवड्यात ट्रायल म्हणून केलेलं जग. नंतर खऱ्या खेळासाठी मी नवीन फोल्डर केला, पण बॅकअपला तो सांगायचा राहिला. पाच आठवडे रोज त्या झोपडीचा बॅकअप होत होता, आणि तो यशस्वीच होता.

कंपनीत असं काही झालं की ‘सिस्टम इश्यू’ म्हणायची पद्धत आहे. संदीप म्हणाला, “मॉडवर ढकल की भावा. तिला काय कळतंय?” तसं करावंसं मलाही वाटलं. पण रविवारी सकाळी गाडी काढून कुरुंदवाडला गेलो. तिच्या आईनं चहा आणून दिला. तो निवेपर्यंत मी सगळं सांगितलं.

वैशालीनं विचारलं, “कन्फर्म कुणी केलं?”

“मी.”

“वाचलंस?”

“नाही.”

ती छताकडं बघत म्हणाली, “पडल्यापासनं ते एकच काम मी करत हुतो, महेश. जा आता तू.”

मी आलो. दोन दिवस सर्व्हर बंद ठेवला.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. “नकाशाचा मॉड हाय न्हवं? त्यानं माझ्या लॅपटॉपवर चित्र ठेवलंय. वरनं बघितलेलं.”

मी उडालोच. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नकाशाचा मॉड आपण जिथं फिरतो तिथलं वरून दिसणारं चित्र आपल्याच कॉम्प्युटरवर साठवतो. सर्व्हरशी त्याचा संबंध नसतो. पण त्यात उंची नीट मिळत नाही, असं मी तिला सांगितलं.

“प्लॅन मिळाला, बास झालं. पायऱ्यांच्या लेव्हल माझ्या डोक्यात हाईत. तुम्ही दोघं यायचं. मी सांगतो तिथंच दगड ठेवायचा, शानपणा करायचा न्हाई.”

मी दगडांचा मॉड जुन्या व्हर्जनवर आणला. संदीपला फोनवरून समजावलं, त्याला वीस मिनिटं लागली. मग आम्ही रोज संध्याकाळी तासभर तिच्या हाताखाली काम केलं. संदीपनं दोनदा पायरी चुकवली आणि दोन्ही वेळा वैशालीनं ती उकरायला लावली. घाट तीन आठवड्यांत पुन्हा उभा राहिला. मधला एक टप्पा पहिल्या वेळी अरुंद झाला होता, तो तिनं या वेळी रुंद करून घेतला. झाल्या प्रकाराबद्दल ती परत काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

आता वैशाली कमरेला पट्टा बांधून साइटवर जाते. गेममध्ये फारशी येत नाही. सर्व्हर मी चालू ठेवला आहे. महिन्यातून एकदा बॅकअपची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडतो आणि पहिल्या पायरीपासून पाण्यापर्यंत उतरून बघतो. कंपनीतही आता तसंच करतो. ‘यशस्वी’ एवढाच मेसेज आला तर काय यशस्वी झालं, ते आधी विचारतो.