माझ्या सदराला आलेली पत्रं

मनापासून लिहिलेला लेख थेट वाचकाच्या काळजाला भिडतो. परवा मुलीच्या लग्नपत्रिका आणायला गेलो आणि ओल्या शाईच्या वासाने उल्हासनगर कॅम्प पाचमधला जुना छापखाना आठवला.

आमच्या साप्ताहिकाचे सिंधी मालक रॉकेलने बोटं पुसत म्हणाले, “दादा, तुमचं सदर कोण वाचतच नाय. ह्या हप्त्यात पत्रं नाय आली तर बंद.”

मी एकटेपणावर जीव ओतून लिहिलं. त्यांनी मला न विचारता लेखाच्या मधोमध पाणी सोडण्याचं वेळापत्रक घातलं.

“आता वाचतील, साईं!”

तेव्हा मी चिडलो होतो. आज वाटतं, वाचक त्यांनाच कळला होता.

चौदा पत्रं आली, सगळी माझ्या नावाने, आणि सदर टिकलं. शुक्रवारी पाणी आलंच नाही, अशी सगळ्यांची तक्रार होती.