पकडलेलं विमान

चाळिशी उलटल्यावर पीएचडीला बसणाऱ्या बाईने निदान चारचौघांत सांगता येईल असा विषय घ्यावा. मी क्वांटम रडार घेतलं. तेही खरं नव्हे. कॉम्प्युटरवर खोटं विमान ठेवायचं, त्याच्यावर खोटे प्रकाशकण सोडायचे आणि किती परत येतात ते बघायचं. लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवून येरवड्याला घरी आले, की माझं हे हवाई दल सुरू व्हायचं.

त्यासाठी विमानाच्या पत्र्यावर एकेक अणू मांडावा लागतो. सगळे मांडले की माझा लॅपटॉप मान टाकायचा, म्हणून मी अणू जरा लांब लांब बसवले. आणि चमत्कार झाला! तिरका पत्रा खरं तर सिग्नल भलतीकडे उडवून लावतो, त्याच जोरावर विमानं रडारपासून लपतात. माझा पत्रा मात्र सिग्नल चक्क माझ्याकडे परत पाठवायला लागला. पुन्हा तपासायचं सोडून मी थेट पप्पांना सांगितलं.

पप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. पण या वेळी त्यांनी विहारात सांगितलं, "लेकीनं लपलेलं विमान पकडलं." रविवारी वंदनेनंतर माझा सत्कार ठरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचा सिलिंडर कुठं अडकलाय, तेवढं बघ की तुझ्या रडारवर." मी मोठ्या मनाने हसले. तेव्हा मी शास्त्रज्ञ होते.

भाषणात दाखवायला चित्र जरा देखणं हवं, म्हणून कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अणू जवळ जवळ बसवले. परतीचा सिग्नल बाजूला सरकला. आणखी जवळ आणले, तर गायबच. माझ्या लॅपटॉपची मेमरी किती, याच्याशी विमानाला काय देणंघेणं? मी पकडली होती ती अणूंमध्ये मीच सोडलेली रिकामी जागा. बारीक रेघांच्या काचेतून प्रकाश असाच भलतीकडे फुटतो, हा प्रयोग मी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून दर वर्षी करून घेते आणि ती चुकली तर ओरडतेही.

रविवारी सकाळी पप्पा पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लोक हसतील याची भीती नव्हती, त्याची मला सवय आहे. विहारात पप्पांची मान खाली जाईल, याची होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चूक काढली कोणी? तुझ्या गाइड मॅडमनी?"

"नाही, मीच."

"तू बोलली नसतीस, तर त्यांना कळलं असतं?"

"आज तरी नाही."

पप्पांनी कॉलर उलटी करून तिच्यावरून इस्त्री फिरवली.

"मग विहारात हेच सांग," ते म्हणाले, "आणि शाल घेऊनच घरी ये."