चित्रावरचा हात

आमच्या शाळेत शिकवणं चालू आहे की बंद, हे गावाला कानाने कळायचं. पोरांचा आवाज मिठागरापर्यंत पोचला की बाई चांगल्या, नाही पोचला की बाई फुकटचा पगार खातात. ऐंशी सालच्या आसपास बेलापूरच्या खाडीकडेच्या एका गावात मी पहिलीच्या वर्गावर रुजू झाले, तेव्हा हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. तो मी ठेचा खात खात शिकले, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

शाळा दोन खोल्यांची. एकीत माझी पहिली, दुसरीत हेडमास्तर गुरुजींची दुसरी ते चौथी एकत्र. मध्ये पत्र्याचं पार्टिशन, म्हणजे गुरुजी खोकले तरी माझा वर्ग वळून बघायचा. एका खिडकीतून मिठागर दिसायचं, दुसरीतून भाताची खाचरं. ती जमीन नव्या शहरासाठी सरकारी संपादनात गेली होती, पण ताबा घ्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून मालक अजून तीच पिकवत होते. लांबवर सरकारी कचेऱ्यांच्या इमारती बांबूच्या परांच्या बांधून उभ्या राहत होत्या. तिकडून वारा आला की पाट्यांवर सिमेंटची भुकटी बसायची.

माझ्या आधीच्या बाईंनी एक रीत घालून दिली होती, आणि गुरुजींची तीवर भारी श्रद्धा. प्रार्थना झाली की बाराखडी. मग अंक. मग पुस्तकाचं एक पान उघडायचं, बाईंनी एक ओळ म्हणायची, पोरांनी तीच बेंबीच्या देठापासून ओरडायची. दुपारी पाढे. असं दिवाळीपर्यंत केलं की अख्खं पुस्तक पोरांच्या तोंडात बसायचं. मग म्हणायचं, पोरं वाचायला लागली. अंकांचंही तेच. एक ते शंभर सुरात, मान डोलावत. मध्येच एखाद्याला उभं करून विचारलं, सत्तावीसनंतर काय, तर ते बिचारं एकपासून सुरू करायचं आणि सत्तावीसवरून तसंच पुढे निघून जायचं. थांबवायची सोय नव्हती.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. सगळ्यांत लहान चण, सगळ्यांत मोठा आवाज. ओळ मी म्हणायच्या आधी तिची म्हणून व्हायची, म्हणून गुरुजींनी तिला पुढे उभं करून म्हणून घ्यायचं काम दिलं होतं. तिचा बाप पावसाळ्यात खिडकीसमोरचं आपलं खाचर पिकवायचा आणि एरवी शेजारच्याच मिठागरात कामाला असायचा. हिवाळ्यात तो मीठ ओढता ओढता तिचा आवाज ऐकायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, ती माझी पोर. त्याची थोरली मुलगी दुसरीत नापास झाली तशी तिला घरी बसवून धाकट्या भावाला सांभाळायला लावलं होतं. ही मात्र शिकणार, असं त्याने ठरवलं होतं. ठरवलं होतं ते या आवाजाच्या जोरावर.

दिवाळीनंतर एके दिवशी मी तिला एकटीला जवळ बसवलं. पुस्तकातलं विहिरीचं पान काढलं. वर विहीर, रहाट, पाणी ओढणारी बाई, खाली चार ओळी. तिने त्या सुरात म्हटल्या, एक अक्षर न चुकता. बोटही फिरवलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं तेव्हा तोंड चौथीवर होतं. मला शंका आली. मी चित्रावर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाच.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, "बाय, हात काडा ना. काय हाय ते दिसत नाय."

मी तेच पान वर्गात सगळ्यांकडून तसंच करून घेतलं. चित्र झाकलं की वर्ग मुका. एकालाही 'ग' ओळखता येत नव्हता. पुस्तक तोंडपाठ असलेला अख्खा वर्ग आणि त्यात वाचणारा एकही जीव नाही. मी पार्टिशनपलीकडे जाऊन गुरुजींना सांगितलं. ते विड्याचं पान लावत होते. चुना बोटावर घेऊन म्हणाले, "बाई, होतं हळूहळू. आधी तोंडात, मग डोळ्यांत. आपण नाही का तसेच शिकलो?" मी म्हटलं, मी तशी नाही शिकले. ते म्हणाले, "तुम्ही ट्रेनिंग कॉलेजच्या." त्या शब्दात सगळं आलं. पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक म्हणण्याला त्यांच्याकडे हेच एक उत्तर होतं.

मी ओरडणं बंद केलं. ग म भ न पासून सुरुवात केली. खडूने जमिनीवर मोठं अक्षर काढायचं आणि पोरांनी त्याच्यावर चिंचोके मांडत जायचं. कुठून सुरू, कुठे वळण, कुठे काना, हे बोटांना कळलं पाहिजे. अंकांना खराट्याच्या काड्या. दहा झाल्या की सुतळीने बांधायची मोळी. दोन मोळ्या आणि सात सुट्या काड्या हातात आल्या की सत्तावीस म्हणजे काय ते दिसतं, आणि अजून एक काडी उचलली की पुढचं उत्तर देवाला विचारावं लागत नाही. पोरं रमली. खाली माना घालून बसायची. वर्गात चिंचोक्यांचा तेवढा आवाज.

आठवडा झाला नसेल, दारात माणसं यायला लागली. पाणी प्यायचं निमित्त, आत डोकावणं. कुणी म्हणालं, बाईंना बरं नाही का? एका म्हातारीने तर दारातच बसकण मारली आणि मला विचारलं, "पोरी गप का बसतान? मारलान काय त्यांना?" मी म्हटलं, आजी, शिकतायत. तिने चिंचोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून गेली. संध्याकाळी गावभर झालं, नवी बाय पोरांना खेळवत बसते. मी चिडून चिडून अर्धी झाले. ज्या दिवशी पहिल्यांदा वर्गात काहीतरी शिकलं जात होतं, त्याच दिवशी गावाच्या लेखी शाळा बंद पडली होती.

सगळ्यांत अवघड त्या मोठ्या आवाजाच्या मुलीचंच होतं. बाकीच्यांना नवीन शिकायचं होतं, तिला आधीचं विसरायचं होतं. अक्षर दिसायच्या आत तोंड धावायचं. 'वि' बघितला की विहिरीच्या चारही ओळी बाहेर. मी तिला मधल्या सुट्टीत बसवायला लागले, पुस्तक बाजूला ठेवून. तिला राग यायचा. तिचा पहिला नंबर मी काढून घेतला होता ना! पाटी थुंकीने पुसायची आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. तरी येऊन बसायची, हेही खरं.

एका दुपारी मी तिच्या पाटीवर पुस्तकात नसलेलं एक वाक्य लिहिलं. ती बोट ठेवून बसली. आ. ई. थांबली. बा, जा, रा, त. गे, ली. मग तिने पुन्हा पहिल्यापासून जोडून बघितलं, हळूच, आणि एकदम माझ्याकडे मान वर केली.

"आई बाजारात गेली," ती म्हणाली. "बाय, खरीच गेलीय ती."

पाटीवर खरं काहीतरी लिहिलेलं असू शकतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथल्या तिथे माझ्या डब्यातली अर्धी पोळी दिली. त्यानंतर तिने मला दुसरं काही सुचू दिलं नाही. बाय, लिवा. बाय, अजून लिवा. फेब्रुवारीपर्यंत ती पुस्तकाची शेवटची पानंसुद्धा, चित्रावर स्वतःचा हात ठेवून, एकेक शब्द फोडत वाचायला लागली. हळू. पण वाचत होती.

आणि तपासणीचे साहेब आले.

तपासणी म्हणजे लग्नघर. गुरुजींनी अंगणात सडा घातला, नकाशे लावले, आणि कपाटातली गोष्टींची पुस्तकं टेबलावर मांडली. ती पुस्तकं वर्षातून एवढ्याचसाठी बाहेर निघायची. पोरांच्या हातात दिली तर फाटतील आणि संख्या जुळणार नाही, म्हणून एरवी कुलपात. कोरी करकरीत होती सगळी.

साहेब माझ्या वर्गात आले. एका मुलाला उभं केलं. हा शेवटच्या रांगेतला, शाळेला दांड्या मारून पुन्हा येणारा, जुन्या बाईंच्या रीतीतला. मी काहीही करून त्याला पाठांतरातून बाहेर काढू शकले नव्हते. त्याने पान धडाधडा म्हटलं, खिडकीबाहेर बघत. साहेब म्हणाले, "शाब्बास." मग मी तिला उभं केलं. तिने पुस्तक धरलं, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि सुरू केलं. एक शब्द. थांबली. दुसरा. जोडाक्षर आलं, ते मनात फोडलं, मग मोठ्याने म्हटलं. बरोबर म्हटलं. सगळं बरोबर. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"अडखळतेय," ते म्हणाले.

"साहेब, ती वाचतेय," मी म्हटलं. "तो म्हणतोय."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, दोघांना चित्र झाकून विचारा, नाहीतर फळ्यावर तुमच्या मनाचं काहीही लिहा. गुरुजी मागून माझ्याकडे डोळे वटारत होते. साहेब हसले. "बाई, मुलांना कशाला घाबरवायचं? वाचन ओघवतं पाहिजे." चहा पार्टिशनपलीकडे तयार होता. जाताना शेरा झाला: पहिलीचे वाचन असमाधानकारक, सामूहिक पठण वाढवावे. गुरुजींनी तो मला दोनदा वाचून दाखवला. ओघवता.

या शेऱ्यावर गुरुजींनी तिला कच्ची ठरवलं आणि पहिलीतच ठेवलं. खिडकीबाहेर बघणारा दुसरीत गेला. मी भांडले. हातवारे करून, आवाज चढवून, नोकरीची पर्वा न करता भांडले. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी आला असता.

निकालाच्या दिवशी तिचा बाप आला. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. दारात उभा राहून म्हणाला, "बाय, पयले कशी बोलायची पोर. तुमी तिला बिगरवली. आता घरी बसंल, थोरलीसारखी."

मी त्याला समजावलं. तुमची मुलगी या वर्गात सगळ्यांत चांगलं वाचते, म्हटलं. तो ऐकत होता, पण त्याच्या कानात शेरा होता. शेवटी तिच्यासमोरच म्हणाला, "एक वरीस बगतो. पन मना खाचरान तिचा आवाज आयकू आला पायजे. नाय आला तर नेली." ती खांबाला धरून उभी होती. तिने ते नीट ऐकलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पुस्तकं वाटली. तिच्या हातात पुन्हा तेच पुस्तक. तिने ते उघडलं, चार पानं उलटली आणि माझ्या टेबलाशी आली.

"बाय, दुसरा द्या."

"आधी हे वाच पुन्हा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पन ह्यान काय हाय ते मना माहीत हाय," ती म्हणाली. "परत वाचला तर तो वाचना नाय ना. बोलना हाय."

साहेबांना न कळलेलं त्या पोरीला कळलं होतं. मी तशीच उठले आणि गुरुजींकडे गेले. ती माझ्या मागोमाग दारापर्यंत आली. मी म्हटलं, गोष्टींच्या कपाटाची किल्ली द्या, एकच पुस्तक हवंय, फाटलं तर मी भरून देते. गुरुजींनी किल्ली खिशात आहे की नाही ते चाचपून बघितलं.

"पहिलीला गोष्टींची पुस्तकं? आधी पाठ्यपुस्तक ओघवतं होऊ दे, बाई. तपासणी झाली की बघू."

तपासणी फेब्रुवारीत. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण किल्ली मिळाली नाही एवढं आठवतं. परत वर्गात आले तेव्हा ती जागेवर जाऊन बसली होती, पुस्तक मिटून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. खिडकीबाहेर चिखलात तिचा बाप वाकून खाचराचा बांध घालत होता. तिने त्याच्याकडे बघितलं. मग उठून वर्गासमोर उभी राहिली, मी न सांगता, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. नव्या पोरांनी तिच्यामागून ओरडायला घेतलं. काय तो आवाज! पत्रा थरथरत होता.

खाचरात बाप ताठ उभा राहिला, चिखलाचा हात कमरेला लावून ऐकत.

पार्टिशनपलीकडून गुरुजी म्हणाले, "वा, बाई. आता कसा वर्ग चाललाय."